घोड्याच्या वैरणीचा नमुना काढायची नळी कशी करून घ्यावी

गाय-म्हैस रवंथ करून बरंच काही निभावून नेते. घोड्याला रवंथ नाही आणि उलटीही होत नाही. पोटात गेलं ते गेलं. तीनशे किलोचं तट्टू दिवसाला साधारण साडेचार ते सहा किलो कोरडी वैरण खातं. अकलूजच्या घोडेबाजारात लोक जनावराचे दात बघतात, भोवरे मोजतात, चाल बघतात. पण त्याला जी वैरण घालणार, तिच्यात काय आहे हे कुणी विचारत नाही. चंदी, म्हणजे वैरणीवर वरून घालायचा दाणा, किती द्यायची हे खरं तर त्या वैरणीवरच ठरायला हवं.

मी स्वतः याची किंमत मोजली आहे. वाळल्या लसूणघासाच्या गाठी घेतल्या होत्या. हाताने दोन-तीन गाठींतून उपसून पिशवी भरली आणि तपासणीला पाठवली. उपसताना वाळलेला पाला झडून खाली पडला आणि पिशवीत गेले नुसते देठ. पाल्यात देठाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात, त्यामुळे अहवालात प्रथिनं कमी आली. मी चंदी वाढवली. दीड-दोन महिन्यांत घोडीची मान जाड झाली, आणि एका सकाळी ती पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभी दिसली. खुरांना हात लावला तर गरम. जादा चंदीने तिचे पाय धरले होते, म्हणजे खुरांच्या आत सूज आली होती (लॅमिनायटिस). डॉक्टर वेळेवर आले म्हणून पाय वाचले. तपासणी बरोबर होती, चुकीचा होता तो मी पाठवलेला नमुना.

म्हणून नळी लागते. गाठीत शिरताना तिने वाटेत येईल ते कापत जायला हवं, म्हणजे देठ, पाला, भुसा ज्या प्रमाणात गाठीत आहे त्याच प्रमाणात बाहेर येतो. अडतीत पोत्यात खुपसून धान्य काढतात ती टोकदार पन्हळ इथे चालत नाही. धान्य तिच्यात ओघळतं, गवत मात्र बाजूला सरकतं. वैरणीसाठीच्या तयार नळ्या परदेशात सर्रास मिळतात, पण मागवण्यापेक्षा इथे लेथवर करून घेणं सोपं आणि स्वस्त.

पाइप स्टेनलेस स्टीलचाच घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाइप घेतलात तर जस्त नमुन्यात उतरतं, गंजक्या लोखंडी पाइपातून लोह उतरतं, आणि खनिजांचे आकडे बिघडतात. पडद्याचा रॉड भंगारात सहज मिळतो, पण त्याचा पत्रा पातळ असतो आणि धार दुमडते. बाहेरून १९ मिलिमीटर, जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास आणि लांबी दोन फूट, असा तुकडा शोधा. आतली पोकळी १६ मिलिमीटरच्या जवळ येते. दहाच्या खाली गेलात तर देठ अडकतात. एकोणीसच्या वर गेलात तर नळी रेटता रेटवत नाही आणि नमुनाही गरजेपेक्षा मोठा होतो.

सोलापुरात यंत्रमागाच्या कामामुळे लेथवाल्यांची कमी नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणालाही चित्र काढून दाखवा. दोन गोष्टी मात्र बजावून सांगा. पहिली, धार बाहेरच्या बाजूने उतरती करायची, आतून कानस लावायची नाही. धार आतून उतरवली की नळी वैरण कापायच्या ऐवजी बाहेर ढकलते. कडेला करवतीसारखे चार-सहा उथळ दाते पाडले तर हाताने फिरवताना कापणं सोपं जातं. दुसरी, मूठ नळीच्या तोंडावर आडवी वेल्ड करू नका. दोन्ही बाजूंना दोन छोटे गज जोडा आणि वरचं तोंड उघडं ठेवा, नाहीतर आत अडकलेली वैरण ढकलायला वाट राहत नाही. ढकलायला लाकडाची गुळगुळीत दांडी पुरते. टोकापासून ४५ सेंटिमीटरवर कानशीने एक खूण करून घ्या.

पहिला नमुना प्रयोगशाळेला पाठवू नका, पांढऱ्या कागदावर उपडा करा. देठांची टोकं सरळ कापलेली दिसली पाहिजेत आणि पाला देठांच्या मध्ये मिसळलेला हवा. देठ वाकून दुमडलेले असतील किंवा नुसता पालाच आला असेल, तर धार बोथट आहे. पुन्हा कानस लावा.

आता नमुना काढायचा. एका शेतातली, एकाच कापणीची वैरण म्हणजे एक ढीग. दोन कापण्या एकत्र करू नका, वेगळ्या तपासा. ढिगातल्या निदान वीस गाठी निवडा, वरच्या, खालच्या, मधल्या, चांगली दिसो की वाईट. गाठीच्या आखूड बाजूला मध्यभागी नळी सरळ काटकोनात टेकवा आणि फिरवत ३० ते ४५ सेंटिमीटर आत न्या. नीट आवळलेल्या गाठीतून एका खेपेला दहा-बारा ग्रॅम निघतात, म्हणजे वीस गाठींचे दोनशे ग्रॅमच्या वर होतात. तेवढे पुरतात. ड्रिल जोडायचा मोह झाला तर वरच्या तोंडात काढता-घालता येणारा दांडा बसवून घ्या आणि वेग अगदी कमी ठेवा. नळी हाताला गरम लागली तर थांबा, त्या उष्णतेने नमुन्यातली ओल उडते.

पण आपल्याकडे सगळ्यांकडे गाठी कुठे असतात? मंगळवेढ्याकडे ज्वारीचा कडबा पेंढ्यांनी रचलेला असतो, आणि कडब्याच्या ताटात नळी शिरतच नाही. तिथे गंजीच्या वेगवेगळ्या जागांवरून वीस पेंढ्या काढा, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत पूर्ण कुट्टी यंत्रातून काढा आणि ताडपत्रीवर पसरून चांगल्या कालवा. काठीने अधिक चिन्हासारखे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला सारा. पुन्हा कालवा, पुन्हा चार भाग करा. दोनशे-अडीचशे ग्रॅम उरेपर्यंत हेच. ताडपत्रीवर उरलेला बारीक भुसाही त्या भागाबरोबर झाडून घ्या, पाला त्यातच असतो. सुट्या डोंगरी गवताच्या गंजीवर उभं राहून ते दाबलं तर नळी चालते.

नमुना जाड प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून बंद करा. वर तारीख, वैरण, कितवी कापणी, कुठून आणली ते लिहा. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पिशवी गाडीत ठेवू नका. आणंदची राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची काल्फ प्रयोगशाळा पशुखाद्य आणि वैरण तपासते. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुपोषण विभाग आहे, तिथेही विचारा. आधी फोन करून किती ग्रॅम लागतात आणि कोणत्या तपासण्या होतात ते समजून घ्या. ओलावा, प्रथिनं, तंतू, कॅल्शियम आणि फॉस्फरस हे मागाच. ज्याचे पाय आधी धरलेले आहेत त्या घोड्यासाठी साखर आणि स्टार्चही मागा, दोन्ही मिळून दहा-बारा टक्क्यांच्या आत बरे. संकरित नेपियर किंवा उसाचे वाढे घालत असाल तर ऑक्झलेट विचारा. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे अहवालात कॅल्शियम पुरेसं दिसूनही घोड्याच्या हाडांना ते मिळत नाही.

टोचलेल्या गाठी आधी वापरून टाका, भोकातून पाऊस आत गेला की बुरशी येते. नळी कोरडी पुसा, धारेवर रबरी टोपण घाला आणि पागेत मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर टांगा.