रिळातला आवाज : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

फिल्मवरच आवाज नोंदवणारे जुने कॅमेरे शिकायचे असतील तर मॉडेलांची नावं पाठ करत बसू नका. आधी चित्र आणि आवाज यांच्यातलं अंतर समजून घ्या. ठाण्यात, नौपाड्यात मी जुनी घरगुती रिळं डिजिटल करून देतो, आणि कामातला निम्मा पेच त्या अंतराचाच असतो.

कॅमेऱ्याच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उमटतं त्या खिडकीत, फिल्म सेकंदाला 24 वेळा थांबते. आवाजाला असे धक्के चालत नाहीत, त्याला फिल्म एकसारखी सरकायला हवी. म्हणून गेटच्या पुढे लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, सोडून, फिल्मची चाल स्थिर झाल्यावर आवाज नोंदवतात. परिणामी 16 मिमीच्या ऑप्टिकल रिळात, म्हणजे आवाज प्रकाशानं उमटवलेला असतो त्यात, आवाज आपल्या चित्राच्या 26 फ्रेम (सुटी चित्रं) पुढे असतो, कडेच्या टेपसारख्या चुंबकीय पट्टीवर 28, सुपर 8 या छोट्या घरगुती फिल्मवर 18. ऑरिकॉनसारख्या कॅमेऱ्यांवर टीव्हीच्या बातम्या टिपल्या जात, तेव्हा चित्र पाहून कात्री लावली की सेकंदभराचं बोलणं भलतीकडे जायचं. मग तो सांधा झाकायला वरून दुसरी दृश्यं चढवत.

आपल्याकडचं उदाहरण तर थेट ‘आलम आरा’चं. 1931 चा हा चित्रपट टॅनार यंत्रणेवर, चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर घेऊन झाला. स्टुडिओ रेल्वेरुळांजवळ, त्यामुळे बरंचसं शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर. नंतर आवाज साफ करायची सोयच नव्हती. त्या मंडळींबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

सरावासाठी सुपर 8 बरा. कोडॅकनं 1973 मध्ये आवाजाचे कॅमेरे आणले, पण ती आवाजाची फिल्म 1997 नंतर बंद झाली. म्हणून आवाज शिकायचा तो जुन्या रिळांवरच. रीळ हातात आलं की कड बघा. तपकिरी पट्टी असेल तर चुंबकीय आवाज, कडेला नागमोडी किंवा कमी-जास्त गडद रेघ असेल तर ऑप्टिकल. दोन तपकिरी पट्ट्या दिसल्या तर मुख्य आवाज रुंद पट्टीवर असतो. अरुंद पट्टी रीळ सारखं गुंडाळलं जावं म्हणून. हे न पाहता कितीतरी रिळं मूक समजून स्कॅन होतात आणि कुणाच्या तरी आजीचं बोलणं डब्यातच राहतं. मला याचं फार वाईट वाटतं.

व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे; ते रीळ बाकीच्यांपासून लगेच वेगळं काढा आणि त्याचंच काम आधी करा. चुंबकीय पट्टीची, ॲसिटेट या प्लॅस्टिकची फिल्म लवकर खराब होते, त्यात आपल्याकडचा पावसाळा. आणि गिऱ्हाइकाला दर सांगायच्या आधी आवाज आहे का ते बघाच. चित्र आणि आवाज वेगवेगळे उतरवून, ओठांशी जुळवून द्यावे लागतात, त्याला वेळ लागतो.