सशाच्या पिल्लासाठी गवत आणि पेलेट निवडताना या चुका टाळा

सशाचं पिल्लू घरी आलं की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "पेलेट कोणते आणू?" माझ्या मते आधी विचारायला हवं, "गवत कुठून आणू?" पेलेटचं, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्यांचं, पाकीट जळगावात मिळतं, धुळ्यात मिळतं, नाहीतर कुरिअरने चार दिवसांत येतं. चांगलं वाळलेलं गवत मात्र शोधावं लागतं, आणि पिल्लाचं आयुष्य त्यावरच उभं असतं.

सशाचे २८ दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर वाढतात. ते झिजतात लांब, चरबरीत गवत चघळल्याने. पेलेट दोन चाव्यांत चुरा होतात, त्यांनी दाढा झिजत नाहीत. शिवाय सशाला ओकारी येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं. आतडं हलतं ठेवण्याचं काम गवताचे लांब तंतू करतात. आतड्याला जोडलेल्या अंधांत्र या मोठ्या पिशवीत जिवाणू हे तंतू आंबवतात. पिल्लात ही जिवाणूंची वस्ती अजून बसायची असते, म्हणून खाण्यातली चूक मोठ्या सशाला पचून जाते तिथे पिल्लू दगावतं.

वय न विचारता पिल्लू आणणं

आठवडे बाजारात टोपलीत तळहाताएवढी पिल्लं विकायला असतात. दिसायला गोड असतात, पण त्यातली बरीचशी चार-पाच आठवड्यांची असतात. पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून आईचं बघून गवत कुरतडायला लागतं, तरी आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत त्याला आईजवळ ठेवणं उत्तम. लवकर तोडलेलं पिल्लू, त्यात प्रवास, नवी जागा आणि त्याच दिवशी नवं खाद्य, एवढं त्याचं पोट सोसत नाही.

विकणाऱ्याला वय विचारा, आणि आतापर्यंत काय खायला घालत होता तेही विचारा. त्याच खाद्यातलं थोडं मागून घ्या. मग ७ ते १० दिवसांत जुनं कमी करत नवं वाढवा. पहिल्या आठवड्यात कोथिंबीर, मेथी, गाजर, केळ काहीही नको. फक्त गवत, ओळखीचं खाद्य आणि पाणी.

आणखी एक सांगतो. शेतात कापणीच्या वेळी सापडलेलं करड्या रंगाचं पिल्लू घरी आणू नका. तो रानससा असतो, पाळीव सशाहून वेगळा प्राणी, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. ते पिल्लू पोरकं झालेलं नसतं. त्याची आई दिवसा दूर राहते आणि अंधारात दूध पाजायला येते.

गोठ्यातली गोळी पेंड किंवा कोंबडीचं खाद्य देणं

खान्देशात ही चूक सर्रास होते, कारण गोठा घरालाच लागून असतो आणि गोळी पेंड दिसायला सशाच्या पेलेटसारखीच असते. गोळी पेंड रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी बनवलेली असते. तिच्यात सरकी पेंड असते, मळी असते, काही प्रकारांत युरियाही असतो. सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य गाय बऱ्यापैकी पचवते, कारण तिला चार कप्प्यांचं पोट आहे. सशाला ती सोय नाही. घरची सरकी ढेप शुद्ध आहे, ताजी आहे, हे सगळं खरं असलं तरी ती सशासाठी नाही.

कोंबडीच्या खाद्यात पिष्टमय धान्य जास्त आणि तंतू नगण्य असतात. वर त्यात कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीविरुद्धची जी औषधं मिसळलेली असतात, त्यातली काही सशाला घातक ठरू शकतात.

मका भरडा, शेंगदाणा पेंड, शिळी पोळी हेही टाळा. नीट न वाळलेल्या मक्यावर आणि शेंगदाण्यावर येणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. त्याला ससा फार लवकर बळी पडतो. यकृत निकामी होतं आणि बाहेरून काही दिसतही नाही.

पाकिटावरचं चित्र पाहून पेलेट घेणं

ज्या पाकिटात रंगीत तुकडे, सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे, सुकी फळं मिसळलेली असतात ते दुकानात सर्वांत आकर्षक दिसतं. पिल्लू त्यातलं गोड आणि तेलकट तेवढं वेचून खातं, तंतू असलेला भाग तसाच राहतो. एकसारख्या हिरवट-तपकिरी कांड्या असलेलं साधं पाकीटच चांगलं.

पाकीट उलटं करा आणि मागचा तक्ता वाचा. वाढत्या पिल्लासाठी प्रथिनं १४ ते १८ टक्के, तंतू निदान १८ टक्के, फॅट ३ टक्क्यांच्या आत आणि कॅल्शियम ०.६ ते १ टक्का असावं. घटकांच्या यादीत पहिलं नाव गवताचं किंवा लसूणघासाचं असावं. मका, गहू किंवा कोंडा पहिला असेल तर परत ठेवा. यादीच नसेल, किंवा दुकानदार मोठ्या पोत्यातून सुटं तोलून देत असेल, तरी नको. सुट्या मालाची तारीख कळत नाही. मटणासाठी ससे वाढवणाऱ्यांचं खाद्य अशाच पोत्यांत येतं. ते लवकर वजन वाढावं म्हणून बनवलेलं असतं आणि आपल्याला आपला ससा आठ-दहा वर्षं जगवायचा असतो.

बनवल्याची तारीख तीन महिन्यांच्या आतली असावी. उष्णतेने पेलेटमधली जीवनसत्त्वं, विशेषतः अ आणि ई, कमी होत जातात. आपल्याकडे पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात ठेवलेल्या मालाचं काय होत असेल याचा विचार करा. महिनाभर पुरेल एवढंच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा.

लसूणघासाबद्दल दोन्ही टोकं गाठणं

एक बाजू म्हणते, लसूणघास म्हणजे सगळ्यात भारी चारा, जन्मभर तोच द्या. दुसरी बाजू इंटरनेटवर वाचून म्हणते, लसूणघास सशाला विषच. दोघंही वय विसरतात. पाकिटावर अल्फाल्फा लिहिलेलं असतं ती आपली लसूणघासच. तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून हाडं भरण्याच्या काळात, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत, ती पिल्लाला उपयोगी पडते. त्यानंतर तेच कॅल्शियम लघवीतून बाहेर पडताना गाळ धरतं, मूतखड्याला वाट करून देतं, आणि ससाही लठ्ठ होतो.

पण पिल्लाला लसूणघासाबरोबर साधं गवत पहिल्या दिवसापासून दिसायला हवं. फक्त लसूणघासावर वाढलेलं पिल्लू सात महिन्यांनी साध्या गवताला तोंड लावत नाही, आणि मग मालक हात टेकतात. सहाव्या महिन्यापासून लसूणघास दर आठवड्याला थोडी कमी करत वर्षाच्या आत बंद करायची.

आणि वाळलेलीच द्यायची. हिरवी, दवाने ओली, किंवा कापून ढीग घातल्यामुळे आतून गरम झालेली लसूणघास पिल्लाचं पोट फुगवते. वाळवण्याचं काम घरी उत्तम होतं, खान्देशात तर फारच सोपं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं आरएल-८८ हे बहुवर्षीय वाण लावणारे शेतकरी अनेक ठिकाणी आहेत. एखाद्या ओळखीच्या जिभाऊंकडून फुलोरा नुकताच लागलेला कापा मागून घ्या. दव उडाल्यावर कापलेला चारा गच्चीवर उन्हात टाकू नका. आपल्या उन्हात तो दुपारपर्यंत पांढरा पडतो, पानं काड्यांवरून झडतात, आणि जे सत्त्व हवं होतं ते पानांतच असतं. ओसरीत किंवा झाडाखाली कापडावर पातळ पसरा, दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने उलटा. काडी वाकवल्यावर कट्कन मोडली आणि रंग अजून हिरवा असला की झालं. पसरतानाच अमरवेलाचे पिवळे धागे निवडून टाका, लसूणघासात ते हमखास असतात.

कडबा, भुसा, बांधावरचं गवत: सगळं एकच समजणं

टिमोथी हे थंड हवेतलं गवत, ते तापीकाठी उगवणार नाही. विकत घेणं परवडत असेल तर जरूर घ्या. परवडत नसेल तर वाळलेली मारवेल, पवना, हरळी किंवा दाणा भरण्याआधी कापून वाळवलेला ओट चालतो. ज्वारीचा कडबा गवताची जागा घेऊ शकत नाही. दादर ज्वारीचा कडबा कितीही नामी असला तरी तो दाणा काढून झालेला, निबर चारा आहे. वाढत्या पिल्लाचं त्यावर भागत नाही. कुट्टी केली की लांब तंतूच संपतो. गव्हाचा आणि हरभऱ्याचा भुसा धुळीने भरलेला असतो, त्याने शिंका आणि डोळ्यांतून पाणी सुरू होतं. कोवळी हिरवी ज्वारी तर अजिबात नको, किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, जनावरालाही लागते.

सातपुड्याच्या पायथ्याचं गवत घेत असाल तर त्यात कुसळी नाही ना ते बघा. पावसाळ्यानंतर तिची कुसळं पक्की होतात आणि हिरड्यांत, डोळ्यांत रुततात. बांधावरचं गवत घेताना शेजारच्या कपाशीवर फवारणी कधी झाली ते विचारा, तणनाशक मारलेला बांध सोडूनच द्या. गाजर गवताची एक काडीही राहू देऊ नका.

चांगलं गवत कुठे मिळतं हे कळत नसेल तर घोडा पाळणाऱ्याला गाठा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात येणारी माणसं चाऱ्याच्या बाबतीत काटेकोर असतात, कारण घोडाही सशासारखाच मागच्या आतड्यात चारा आंबवतो, त्यालाही ओकारी येत नाही आणि बुरशीचा चारा त्यालाही सोसत नाही. घोड्याला चालणारं लांब, बिनधुळीचं, गोडसर वासाचं गवत सशालाही चालतं.

"आमचं पिल्लू गवतच खात नाही"

जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच असतं, वाटी दिवसभर पेलेटने भरलेली असते. तीन महिन्यांपर्यंत पेलेट मोकळेपणाने दिले तरी गवताचा ढीग रोज पिल्लाच्या अंगाएवढा तरी असावा आणि तो कमी होताना दिसावा. त्यानंतर पेलेट सकाळ-संध्याकाळ मोजून द्या. सातव्या महिन्यापर्यंत वजनाच्या किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त २५ ग्रॅमवर या. मात्र न खाणाऱ्या पिल्लाचे पेलेट एकदम बंद करू नका, उपाशी ससा फार लवकर आजारी पडतो.

गवत शौचाच्या ट्रेला लागूनच ठेवा. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, ही त्याची सवय आपल्या कामी येते. कालचं तुडवलेलं काढून रोज ताजं घाला. जळगावात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा ससा दुपारी काहीच खात नाही, म्हणून पहाटे आणि रात्री गवत भरा. जड मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, नळीच्या बाटलीपेक्षा ससा भांड्यातून जास्त पितो. बसायला ओली केलेली फरशी द्या. पावसाळ्यात गवताचा गठ्ठा जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा. कुबट वास आला किंवा झटकल्यावर करडी पूड उडाली तर तो गठ्ठा सगळाच फेका, वरचं काढून खालचं वापरू नका.

केळीबद्दल विचारलं जातंच, विशेषतः रावेर-यावलकडून. चार महिन्यांच्या आत नको. नंतर आठवड्यात एक-दोनदा नखाएवढी चकती पुरे.

लेंड्या बघायच्या राहून जाणं

चांगली लेंडी गोल, कोरडी, चुरली तर आत गवताचे तंतू दिसणारी. लहान आणि काळपट झाल्या तर गवत किंवा पाणी कमी पडतंय. केसांनी माळेसारख्या जोडलेल्या असतील तर अंग विंचरा आणि गवत वाढवा. रात्री किंवा पहाटे ससा द्राक्षाच्या घडासारख्या मऊ लेंड्या थेट तोंडाने खातो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्या खाली पडून राहत असतील किंवा शेपटीला चिकटत असतील तर पेलेट जास्त होत आहेत. लघवी थोडी दुधाळ असणं ठीक, पण तळाला जाड पांढरा गाळ साचत असेल आणि ससा सात महिन्यांपुढचा असेल तर लसूणघास थांबवा. लाळ गळत असेल, पिल्लू गवत तोंडात घेऊन सोडून देत असेल तर दात दाखवा.

पातळ पाण्यासारखी हगवण, बारा तास काही न खाणं, किंवा तेवढ्याच वेळात एकही लेंडी न पडणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. पोट फुगून टणक झालं असेल तर तोंडात काही कोंबू नका. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन किंवा दुसरं कुठलंही माणसाचं प्रतिजैविक देऊ नका, तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून जीव घेऊ शकतं. पशुवैद्यकाकडे जाताना ताज्या लेंड्या एका डबीत आणि पेलेटचं पाकीट सोबत न्या. पिल्लांमध्ये कॉक्सिडिया नेहमी आढळतो, आणि तो आहे की नाही हे लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळतं.