पथकात रांगेवरून वाद झाला की

यंदा पहिल्यांदाच ढोल-ताशा पथकाची जबाबदारी अंगावर घेतली असेल, तर हे आधी ऐका. खरी भांडणं होतात ती मिरवणुकीची यादी लागते तेव्हा. दोन-दोन महिने नदीपात्रात घाम गाळलेल्या प्रत्येकाला विसर्जनाच्या दिवशी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर वाजवायचं असतं, तेही पुढच्या रांगेत. ढोल मोजके, वादक भरपूर. पगार कुणालाच नाही, त्यामुळे कुणी रुसून घरी बसलं तर धरून आणता येत नाही.

आमच्याकडे नोकरी करणारा एक दादा फक्त शनिवार-रविवार यायचा, पण हात पक्का. कॉलेजातला एक मुलगा रोज हजर, मात्र ठेका अधूनमधून सुटायचा. दादाला पुढे घेतलं तसं त्या पोरानं टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, खाली ठेवलं. ताशे थांबले. मी त्याला टेम्पोपाशी बाजूला नेलं आणि बोलू दिलं. रांगेबद्दल तो जेमतेम दोन वाक्यं बोलला. रोज लवकर येऊन ढोल उतरवायचे, ढोलाचं पान, म्हणजे वाजवायची बाजू, सैल पडलं की दोऱ्या ओढून ताणायचे, हे सगळं तो एकटा करत होता आणि कुणी साधी दखलही घेत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ढोल ताणायच्या पाळ्या लावल्या, दादाचीही धरून. रांग मात्र बदलली नाही. पुढचे चुकले की मागचेही चुकतात, हे त्या पोराला तोंडावर सांगितलं. मिरवणूक तासन्‌तास चालते, बदली वादक लागतातच. ठेका बसवलास तर लक्ष्मी रस्त्यावरच्या कुंटे चौकापासून पुढे तू, असं ठरलं. त्यानं बसवला.

म्हणून निवडीचे निकष सरावाच्या पहिल्याच दिवशी सांगा: हजेरीला किती वजन, वादनाला किती. यादी एकट्यानं करू नका, आणि आपला भाऊ किंवा मैत्रीण स्पर्धेत असेल तर त्या निर्णयातून बाजूला व्हा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद सुरू झाला तर तिथे उत्तर न देता दोघांना फोन करा. ‘आपण सगळे एक कुटुंब’ हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. ते ऐकलं की ज्याची तक्रार खरी असते तोच गप्प बसतो.

एवढं करूनही कुणी सोडून जातं. जाऊ द्या. फक्त ग्रुपमधून काढण्याआधी त्याच्याशी बोला, आणि पुढच्या वर्षीच्या नोंदणीचा निरोप त्यालाही पाठवा.