द्वीपचापाखालील कवचाची सागरी भूकंपीय नोंद कशी वाचावी

लातूर-नांदेडकडे भूशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सर्वेक्षणाच्या जहाजावर जाण्याची संधी क्वचितच मिळते. मात्र त्या जहाजाने आणलेली नोंद वाचण्याचे काम महाविद्यालयातील संगणकावरही नीट करता येते. सरावासाठी जपानच्या दक्षिणेकडील इझू-बोनिन द्वीपचाप, म्हणजे एक प्लेट दुसरीखाली जाते तेथे उभी राहिलेली ज्वालामुखी बेटांची वक्र रांग, घ्यावा. तेथे पॅसिफिक प्लेट खाली जाऊ लागली, त्याला सुमारे 5 कोटी वर्षे झाली.

जहाजामागे ओढलेल्या एअरगनमधून दाबाखालील हवा ठरावीक अंतरावर सोडली जाते आणि तिच्या धक्क्याने निघालेले तरंग कवचातून वळून समुद्रतळावरील भूकंपमापकांपर्यंत पोहोचतात. प्रत्येक भूकंपमापक वजन बांधून पाण्यात सोडतात. तो प्रवाहाबरोबर सरकत तळाशी टेकतो. म्हणून पाण्यातून सेकंदाला सुमारे 1.5 किलोमीटर वेगाने थेट आलेल्या तरंगावरून प्रथम त्याची खरी जागा काढावी. त्याच्या घड्याळात पडलेला फरकही जीपीएस वेळेशी ताडून दुरुस्त करावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नये: सेकंदाला 6 किलोमीटर वेगाने तरंग जाणाऱ्या खडकात सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक म्हणजे 600 मीटर.

नंतर आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर प्रवासाच्या वेळेतून अंतराचा सहावा भाग वजा करून येणारी वेळ मांडावी. अशा मांडणीत 6 किलोमीटर वेगाचा तरंग आडवा दिसतो, त्याहून मंद तरंग अंतराबरोबर अधिकाधिक उशिराकडे झुकतो, तर कवचाखालच्या प्रावरणातून आलेला, 8 किलोमीटरच्या आसपास वेगाचा तरंग उलट बाजूला कलतो. आडव्या पट्ट्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण इझू चापाखाली याच वेगाचा मध्य कवचाचा जाड थर 1990च्या दशकात आढळला आणि खंडीय कवच अशा चापांत घडते या विचाराला त्यामुळे बळ मिळाले.

पहिल्या तरंगाची खूण करताना गोंगाट असलेल्या रेषेवर अंदाजाने बोट ठेवू नये. शिवाय वेगवान थराखालचा मंद थर पहिल्या तरंगांत उमटतच नाही. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधनछिद्रात सुमारे 338 मीटर बेसाल्टखाली 8 मीटर गाळ आणि त्याखाली प्राचीन खडक लागला. असा गाळ केवळ पहिल्या तरंगांवर विसंबणाऱ्याच्या हाती लागत नाही. चापावरही लाव्हाखाली राख आणि गाळ असू शकतो, त्यामुळे थरांवरून उलट परतलेल्या तरंगांची परावर्तन नोंद व गुरुत्वमापन सोबत ठेवावे. सर्वेक्षणरेषेच्या दोन टोकांच्या यंत्रांवरील वेळा कवचातील थरांच्या एकाच प्रतिमानात बसत नसतील, तर खुणा पुन्हा तपासाव्यात. प्रतिमान ओढूनताणून बसवू नये.