स्लीप अ‍ॅप्नियासाठी घशाचं ऑपरेशन: आधी काय बघायचं, नंतर काय सांभाळायचं

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकणं. घोरणं थांबलं म्हणजे तो अडकायचा थांबला असं नाही. टाळूचा मऊ भाग ताणून शिवला की फडफड जाते, आवाज बंद होतो. पण श्वासाची वाट जिभेमागे बंद होत असेल, तर ती रात्रभर तशीच बंद होत राहते, फक्त गुपचूप.

म्हणून स्लीप स्टडीशिवाय, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीशिवाय, पुढे जाऊ नका. रिपोर्टमधला एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा: 5 ते 15 सौम्य, 30च्या वर तीव्र. शिवाय औषधाने झोप आणून नाकातून दुर्बीण घालतात. टाळू, घशाच्या बाजू, जिभेचं मूळ, स्वरयंत्रावरचं झाकण यांतलं नेमकं काय मिटतंय ते तिथे दिसतं.

साधा अंदाज आरशातही येतो. जीभ बाहेर न काढता आ करा. पडजीभ आणि मोठाले टॉन्सिल स्पष्ट दिसत असतील आणि वजन फार नसेल, तर या ऑपरेशनचा फायदा होण्याची शक्यता चांगली. जिभेआड सगळंच झाकलेलं असेल तर अपेक्षा कमी ठेवा.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, तोंडातूनच होतं. टॉन्सिल काढून तिथला स्नायू बाहेर आणि वर वळवून टाचतात. पूर्वी पडजीभ सरसकट छाटत. जास्त छाटली की प्यायलेलं पाणी नाकातून येतं, म्हणून आता हात राखून कापतात. सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) असेल तर ते आणि मास्क सोबत न्या: पहिल्या रात्री सूज आणि भुलीचा अंमल दोन्ही असतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांनाच विचारा.

घरी आल्यावर दोन आठवडे दुखणारच, कानातही कळा येतात. जखमेवरचा पांढरा-पिवळा थर पू नव्हे, ती खपली. वेदनाशामक गोळी घड्याळ लावून घ्या आणि जेवण तिच्यानंतर अर्ध्या तासाने. दुखतं म्हणून पाणी टाळलं की घसा कोरडा पडतो आणि जास्तच दुखतो. घोट घोट पीत राहा. उशाशी उंची ठेवून झोपा. दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद.

खपली साधारण 5व्या ते 10व्या दिवसात सुटते आणि रक्तस्रावाची भीती तेव्हा जास्त. ताजं लाल रक्त आलं तर बसून पुढे वाका, गिळू नका, थुंका आणि तडक रुग्णालय गाठा. 'थोडंसंच आहे' म्हणून सकाळची वाट बघू नका.

3 ते 6 महिन्यांनी स्लीप स्टडी पुन्हा करा. एएचआय निम्म्यावर आणि 20च्या खाली आला की ऑपरेशन यशस्वी, असं सहसा धरतात. म्हणजे 60चा 18 झाला तरी 'यशस्वी', आणि तरीही मध्यम अ‍ॅप्निया उरलेलाच! तो रिपोर्ट हातात येईपर्यंत सीपॅप कुणाला देऊन टाकू नका.