कोटेगाएशी आणि निक्यो लावताना या चुका टाळा

आयकिडो या जपानी मार्शल आर्टमध्ये नवीन आलेल्याला पहिल्याच आठवड्यात कोणाचं तरी मनगट पिरगळायचं असतं. हात हातात आला की पाय जागेवर, खांदे कानापर्यंत आणि नुसता जोर. समोरचा तसाच उभा, मग म्हणणार हे टेक्निक खऱ्या मारामारीत चालत नाही. अरे चालेल कसं, कुझुशी कुठंय, समोरच्याचा तोल आधी गेला पाहिजे ना!

कोटेगाएशीत, म्हणजे मनगट बाहेर वळवून समोरच्याला पाडायच्या टेक्निकमध्ये, हे रोज बघतो. पकड बरोबर असते, अंगठा त्याच्या पंजाच्या पाठीवर, करंगळी आणि अनामिकेच्या मुळांमध्ये, पण मग हात बाहेरच्या बाजूला नुसता पिळत बसतात, म्हणजे तुमची ताकद विरुद्ध त्याची ताकद. मी आधी पाय हलवतो. तेनकान करून, म्हणजे पुढच्या पायावर फिरून वळलो की तो ओढला जाऊन पुढे येतो, तोल गेला की त्याचा पंजा माझ्या बेंबीसमोर ठेवून त्याच्याच हाताकडे दुमडतो आणि वजन खाली सोडतो. मनगटाचं काम सगळ्यात शेवटी.

निक्यो म्हणजे मनगट आतल्या बाजूला वळवायचा लॉक, त्याला झटका देणाऱ्यांवर मात्र माझं डोकं फिरतं. आमच्या डोजोत (सरावाच्या हॉलमध्ये) जिम करणारा एक तगडा गडी होता, जोडीला कॉलेजचा सडपातळ पोरगा. पोराचं कोपर सरळच राहिलं होतं त्यामुळे लॉक बसेना, तर याने कोपर वाकवायचं सोडून अख्खं वजन टाकून झटका दिला. पोराने मॅटवर टॅप केलं, म्हणजे हात आपटून 'सोड' अशी खूण केली, तरी सोडलं नाही, कारण हा सेन्सेई (शिक्षक) बघतायत का ते बघत होता. शेजारच्या मॅटवर मला कट्ट असा आवाज ऐकू आला. एमआरआयमध्ये निघालं की करंगळीच्या बाजूची कूर्चा फाटलीय, पोराला कित्येक महिने बाटलीचं झाकण फिरवता येत नव्हतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि ती लिगामेंटनी बांधलेली, तिथे झटका चालत नाही. कोपर वाकलेलं हवं, करंगळी त्याच्या नाकाकडे, आणि दाब इतका सावकाश की त्याला टॅप करायला वेळ मिळेल. टॅप झालं की त्याच क्षणी सोडायचं, सेन्सेई नंतर बघा.

सान्क्यो (मनगटाला पीळ देणारा लॉक) लावताना त्याच्या समोर उभे राहू नका, दुसरा हात मोकळा असतो त्याचा. योन्क्योत (मनगटाच्या वर हातावर दाब देणारा लॉक) नस शोधत बसू नका, तलवार खाली आणतो तसा हात खाली आणा. आणि उकेंनो, म्हणजे ज्यांच्यावर टेक्निक होतं त्यांनो, टॅप करायला लाजू नका.

रील बघून थेट निक्यो शिकायला येणाऱ्यांना मी आधी इक्क्योच (कोपर धरून हात खाली दाबायचं पहिलं टेक्निक) करायला लावतो. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा १९१५ मध्ये होक्काइदोत ताकेदा सोकाकूंना भेटले आणि त्यांच्याकडे दाइतो-र्यू ही जुजुत्सूची परंपरा शिकले, आयकिडोतले हे लॉक तिथूनच आलेत. उएशिबांनी त्यावर वर्षानुवर्षं घालवली आणि तुम्हाला शनिवार-रविवारात हवंय?

काही जणांचे सांधे मुळातच सैल असतात, निक्यो कितीही दाबा दुखत नाही. तिथे जोर वाढवू नका, कोपर धरून इक्क्योवर जा.