नव्वदाव्या दिवसाचा फोन

स्ट्रोकच्या, म्हणजे लकव्याच्या, क्लिनिकल ट्रायलवर (रुग्णांवर औषध तपासण्याच्या अभ्यासावर) कोऑर्डिनेटर म्हणून नवीन मुलंमुली आली, की प्रोटोकॉलची जाड फाईल हातात देण्याआधी मी त्यांना एक प्रश्न पाठ करायला लावते: "शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?"

माझ्या पहिल्याच महिन्यात भंडाऱ्याकडून एक शेतकरी आले होते. "सहाले उठले तं तोंड वाकडं होतं जी," बायको म्हणाली. मी सुरुवातीची वेळ सहा लिहिली. सरांनी कागद परत केला. झोपेत लकवा आला असेल, तर घड्याळ रात्री झोपल्यापासून मोजायचं. म्हणजे नऊ! मग तर इंजेक्शन देण्याची साडेचार तासांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. सरांनी मात्र बाईंना विचारलं, "रात्री लघवीला उठले होते काजी? बोलले होते?" चारला उठून पाणी मागितलं होतं, नीट बोलले होते. घड्याळ चारवर आलं आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं.

ही साडेचार तासांची मुदतही ट्रायलमधूनच आली. 1995 च्या अमेरिकी अभ्यासात ती तीन तास होती, 2008 मध्ये युरोपातल्या अभ्यासाने वाढवली. त्यामुळे आपण लिहिलेली चुकीची वेळ एका रुग्णापुरती राहत नाही.

संमतीबद्दल थोडक्यात. रुग्ण बोलू शकत नसेल तर नातेवाईक सही करतात, आणि ते घाबरलेले असतात. "नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत," हे वाक्य सगळ्यात आधी सांगा. रुग्ण सावरला की त्याला स्वतःला पुन्हा विचारा.

आता नव्वदावा दिवस, म्हणजे लकव्यानंतर तीन महिन्यांनी रुग्णाला करायचा फोन. औषधाचा उपयोग झाला का, याचा मुख्य निकाल बहुतेक अभ्यासांत तेव्हाच लागतो, रँकिन स्केलवर: 0 म्हणजे काहीच त्रास नाही, 6 म्हणजे मृत्यू. खरी अडचण 2 आणि 3 मध्ये: 2 म्हणजे स्वतःचं स्वतः पाहतो, 3 म्हणजे थोडी मदत लागते. "बरे आहेत" या उत्तरावर गुण देऊ नका. बाजारातून एकटे सामान आणतात का? पैशाचा हिशेब ठेवतात का? एका आजींना सून चुलीजवळ जाऊच देत नव्हती. खोदून विचारल्यावर कळलं, त्या भाकरी थापू शकत होत्या. गुण देणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटात होता, तपासायचं औषध मिळालेल्या की न मिळालेल्या, ते माहीत नसावं, म्हणून फोन लागताच सगळ्यात आधी घरच्यांना सांगा की कोणतं औषध मिळालं असं वाटतं, ते बोलू नका.

एवढी काटेकोरी कशासाठी? मेंदूच्या पेशी वाचवेल अशी आशा असलेल्या एनएक्सवाय-059 या औषधाचा 2006 चा पहिला मोठा अभ्यास आशादायक होता. 2007 च्या त्याहून मोठ्या अभ्यासात फायदा दिसला नाही. थोडासा फरक खरा की भासमान, हे आपल्या एकेका नोंदीवर ठरतं.

म्हणून फोन लागला नाही तर रुग्ण सोडून देऊ नका. भरती होतानाच तीन नंबर घ्या: घरचा, शेजाऱ्याचा, गावातल्या किराणा दुकानाचा. गडचिरोलीकडच्या एका रुग्णाचे दोन्ही मोबाईल बंद होते. धानाची कापणी सुरू होती. दुकानदाराने पोराला बांधावर पिटाळलं, आणि वीस मिनिटांनी त्यांचा स्वतःचा आवाज आला, जरा अडखळत: "बोला मॅडम, म्या कापणीवरच हाव."